तीर्थनमध्ये सकाळी लागणारा ट्राउट दुपारी का लागत नाही: फ्लाय बदलण्याआधी काय तपासाल

हिमाचलच्या तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग (किड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषाने, म्हणजे फ्लायने, मासे धरणं) करून आलेल्या मंडळींची एक तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. सकाळी गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला दोन-तीन ट्राउट मासे लागले, जेवून परत त्याच डोहावर आलो तर शुकशुकाट. डबीतली एकेक फ्लाय बांधून पाहिली, लहान केली, मोठी केली, रंग बदलला, आणि अंधार पडेपर्यंत दोराला साधा झटकाही आला नाही.

मासे कुठेही गेलेले नसतात. पाणी बदललेलं असतं. त्याबरोबर मासा चार-पाच फूट सरकलेला असतो, तळाला बसलेला असतो, किंवा त्याचं खाणंच मंदावलेलं असतं. आधी जागा बदला, मग खोली, मग फ्लाय वाहण्याचा वेग. हे तिन्ही नीट जमल्यावरच फ्लायला हात लावा. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण उलट्या क्रमाने गेलं की अख्खा दिवस गाठी मारण्यात जातो.

तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फाळ डोंगरांतून उतरते. गुशैणीला फलाचन ही उपनदी तिला मिळते, आणि बंजारच्या बाजूने खाली येत ती लारजीला सैंज आणि बियास यांना जाऊन मिळते. वाटेत पाणी अडवणारं मोठं धरण नाही. खोऱ्यातल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध लढा देऊन ही नदी मोकळी ठेवली आहे आणि त्यांचे उपकार मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाने मानायला हवेत. पण मोकळी नदी म्हणजे पाण्याची पातळी ठरवणार ऊन, बर्फ आणि पाऊस. आपल्याकडचे बहुतेक लोक मे महिन्याच्या सुट्टीत जातात, म्हणजे नेमके बर्फ वितळण्याच्या ऐन दिवसांत. वर दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. म्हणून नदी पहाटे सगळ्यात कमी आणि नितळ असते, दुपारनंतर चढायला लागते, संध्याकाळी भरून वाहते आणि रात्री पुन्हा उतरते. सकाळी मासा लागला ती नदी आणि दुपारी चारची नदी, या दोन वेगळ्या नद्या समजूनच काठी जोडा.

काठी जोडण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट तापमान. साधा पाण्यात बुडणारा थर्मामीटर जवळ ठेवा, दोरी बांधून वाहत्या पाण्यात सावलीच्या जागी मिनिटभर धरा. ब्राऊन ट्राउट साधारण 10 ते 16 अंश सेल्सियसला मनापासून खातो. पाणी 6-7 अंशांच्या खाली असेल तर मासा खातो, पण त्यासाठी जागा सोडत नाही. फ्लाय अगदी त्याच्या तोंडापुढून जावी लागते. 19-20 अंशांच्या पुढे गेलं तर मासेमारी बंद करा. गार पाण्यात विरघळलेला प्राणवायू जास्त असतो: समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम, 20 अंशांना सुमारे 9.1. गुशैणी दीड हजार मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे हे आकडे आणखी सुमारे सहाव्या हिश्शाने घटतात. इतक्या गरम, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात गळाला झुंजलेला ट्राउट तुम्ही कितीही हळुवारपणे सोडला तरी नंतर मरू शकतो. सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये ट्राउट टिकत नाही त्याचंही कारण हेच, उन्हाळ्यात आपलं पाणी फार तापतं.

दुसरी गोष्ट पातळी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती चढतेय की उतरतेय. काठावरचा एखादा स्थिर धोंडा निवडा. पाण्याच्या रेषेच्या वर ओला, गडद पट्टा दिसत असेल तर पाणी उतरतंय. रेषेच्या वरचा दगड थेट कोरडा असेल, काठचं गवत पाण्यात उभं असेल आणि पानं, काटक्या, फेस नव्याने वाहत येत असतील तर पाणी चढतंय. धोंड्यावर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. एवढ्या छोट्या कामाने दिवसभराचे निर्णय सोपे होतात. उतरतं आणि निवळत जाणारं पाणी सगळ्यात चांगलं. झपाट्याने चढणारं सगळ्यात वाईट, मासेमारीलाही आणि जिवालाही.

तिसरी गोष्ट पाण्याचा नितळपणा. काठालगत गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि खाली बघा. बुटाचे बंद स्पष्ट दिसले तर पाणी नितळ. बुटाचा नुसता आकार दिसला तर हलकं गढूळ, आणि हे पाणी फार चांगलं, कारण मासा फ्लाय बघतो पण तुम्हाला बघत नाही. बूटच दिसला नाही तर गढूळ. वीतभर खोलीच्या खाली काहीच दिसत नसेल तर काठी गुंडाळा आणि वरच्या अंगाच्या एखाद्या छोट्या, स्वच्छ ओढ्याकडे चालायला लागा.

पाणी चढलं आणि मासे गायब झाले

ही मे-जूनमधली मुख्य तक्रार आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

सकाळी मासा डोहाच्या वरच्या टोकाला होता, जिथे खळाळणारी धार डोहात शिरते. पाणी चढल्यावर तिथली ओढ इतकी वाढते की तिथे टिकून राहायला मासा जेवढी शक्ती घालवेल तेवढं खाणं त्याला मिळत नाही. तो कडेला सरकतो. सकाळी तुम्ही जिथे कोरड्या गोट्यांवर उभे होतात, तिथे आता फूट-दीड फूट पाणी असतं, आणि अनेकदा मासा नेमका तिथेच असतो. त्यामुळे दुपारी पाण्यात उतरण्याआधी काठापासून चार पावलं मागे उभे राहून कडेचं पाणी आधी तपासा. थेट मांडीभर पाण्यात शिरून पलीकडे फ्लाय फेकणारा माणूस त्या वेळी बहुधा मासे तुडवत जात असतो.

तीर्थनमध्ये मोठमोठे धोंडे आहेत. चढत्या पाण्यात प्रत्येक धोंड्याच्या मागे संथ पाण्याचा एक खिसा तयार होतो, तो सगळ्यांना माहीत असतो. धोंड्याच्या पुढे, जिथे प्रवाह दगडावर आदळून थबकतो, तिथेही एक छोटी संथ जागा असते आणि मोठा मासा पुष्कळदा तीच धरून बसतो, कारण वाहत येणारं खाणं त्याला सगळ्यात आधी मिळतं. पुढची जागा आधी, मग दोन्ही बाजूंच्या वेगवान आणि संथ पाण्यामधल्या रेषा, आणि सगळ्यात शेवटी मागचा खिसा, असं फिरा.

जागा ठरली की खोली. तळाशी दगडांच्या घर्षणामुळे पाणी पृष्ठभागापेक्षा बरंच हळू वाहतं आणि चढत्या पाण्यात मासा त्याच थरात असतो. फ्लाय त्या थरात पोहोचली की नाही हे ओळखायचा एक खात्रीचा मार्ग आहे. इंडिकेटर (दोरावर लावलेला छोटा तरंगता गोळा) पाण्यावर टाकल्यावर त्याच्या शेजारून वाहणारा फेसाचा एक बुडबुडा नजरेत धरा. दोघं बरोबरीने चालले तर तुमची निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी अळीसारखी फ्लाय, अजून वरच्या वेगवान पाण्यात आहे, तळाला पोहोचलेलीच नाही. बुडबुडा पुढे निघून गेला आणि इंडिकेटर मागे रेंगाळला, मधूनच किंचित अडखळला, तर निम्फ तळाच्या संथ थरात आहे. इंडिकेटर बुडबुड्याच्या पुढे पळत असेल तर पाण्यावर पडलेला दोर त्याला ओढतोय. या तिसऱ्या स्थितीत जगातली कुठलीही फ्लाय बांधली तरी ट्राउट ती घेणार नाही. दर चार-पाच फेकींत एकदा निम्फ तळाला घासली पाहिजे. कधीच घासत नसेल तर वजन वाढवा किंवा इंडिकेटर वर सरकवा. इंडिकेटर ते फ्लाय हे अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट, ही सुरुवात धरा. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर थोडं कमी करा.

वजन वाढवायचं म्हणजे सरसकट मोठी फ्लाय असं समजू नका. टंगस्टनची घनता पाण्याच्या 19.3 पट आहे, शिशाची 11.3 पट, पितळेची त्याहूनही कमी. त्याच मापाच्या गळावर पितळी मण्याऐवजी टंगस्टनचा मणी असलेली फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निम्फ बांधली तर फ्लायचा आकार तोच राहतो आणि ती झटकन बुडते. दुसरी गोष्ट टिपेट, म्हणजे फ्लायच्या अगदी आधीचा बारीक पारदर्शक दोर. पाणी जोराचं दिसलं की लोक जाड टिपेट लावतात. पण जाड टिपेटला पाणी जास्त अडवतं आणि फ्लाय वरच तरंगत राहते. 3 एक्स टिपेट 0.20 मिलिमीटरचं असतं, 5 एक्स 0.15 चं, नितळ, जोराच्या पाण्यात 5 एक्सवरची तीच निम्फ लवकर खाली जाते. मासा मोठा असेल अशी भीती असेल तर 4 एक्स घ्या.

आणि धोंड्यांमधल्या छोट्या खिशांत तर इंडिकेटर काढूनच टाका. तुम्ही आणि खिसा यांच्यामध्ये तीन वेगवेगळ्या वेगांच्या धारा असतात, पाण्यावर पडलेला दोर त्यात सापडला की फ्लाय लगेच ओढली जाते. जवळ जा, काठी उंच धरा, फ्लायचा दोर पाण्याला लागूच देऊ नका, फक्त टिपेट पाण्यात राहू दे. प्रवाहाच्या वरच्या बाजूला फ्लाय टाका आणि ती वाहत येईल तसं काठीचं टोक तिच्या थोडं पुढे, तिच्याच वेगाने न्या. चावा बहुतेक वेळा झटक्याने कळत नाही; टिपेट जिथे पाण्यात शिरतं ती जागा क्षणभर थांबते, एवढंच. थांबली की मनगटाने हलकेच उचला.

हे सगळं करूनही काही होत नसेल आणि खडूची खूण वेगाने बुडत चालली असेल, तर त्या दिवशी संध्याकाळचा हट्ट सोडा आणि पहाटे उजाडताना या. मे महिन्यात लोक संध्याकाळच्या किड्यांच्या थव्याची वाट बघत बसतात, पण बर्फाच्या पाण्याच्या दिवसांत सकाळी उजाडल्यापासून दुपारी पाणी चढेपर्यंतचा वेळ मी केव्हाही जास्त भरवशाचा मानतो. पहाटे पाणी फार गार असेल तर तळाशी निम्फने सुरुवात करा. ऊन पाण्यावर आल्यावर मासे हलायला लागतात.

गढूळ पाणी

जुलै ते सप्टेंबर पाऊस. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं पाणी दिसलं तर विषय संपला. पण पाऊस थांबून पाणी उतरायला लागलं, तपकिरी रंग जाऊन हिरवट झाक आली, की नदी अचानक चांगली होते. अशा वेळी मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातल्या हालचालीच्या जाणिवेने, जास्त शिकार करतो. काळी वूली बगर ही केसाळ फ्लाय, 6 किंवा 8 नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), कडेच्या संथ पाण्यात हळू ओढा. गढूळ पाण्यात चकचकीत रंगांपेक्षा गडद रंगाची आकृती उठून दिसते. दोर लांब फेकायची गरज नाही, जाड टिपेटही चालतं, आणि एकाच जागेवर नितळ पाण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या, कारण मासा फ्लायजवळ असूनही त्याला ती सापडायला वेळ लागतो.

पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, एवढं तरी ऐका. वर ढगफुटी झाली तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही नदी काही मिनिटांत चढते. पाण्याचा आवाज बदलला, मातीचा वास आला, काटक्या वाहायला लागल्या की आधी वर चढा, सामान नंतर. लारजीच्या खाली बियासवर तर धरणातून पाणी सोडलं जातं. 8 जून 2014 रोजी थलौटजवळ अचानक वाढलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी वाहून गेले. त्या पट्ट्यात पात्रात उभं राहून मासेमारी करूच नये असं माझं ठाम मत आहे.

मासे वर येतात, पण फ्लाय घेत नाहीत

इथेही लोक लगेच फ्लाय बदलतात, आणि इथे ते कधीकधी बरोबर असतात. पण आधी फ्लायच्या मागे पाणी चिरल्यासारखी बारीक रेघ उमटतेय का ते बघा. ती असेल तर ड्रॅग आहे, म्हणजे दोर फ्लायला ओढतोय. दोन पावलं वर किंवा बाजूला सरकून कोन बदला, टिपेट दीड-दोन फुटांनी वाढवा.

रेघ नसेल तर मासा वर कसा येतोय ते बघा. जोरात उसळून पाणी उडवत असेल तर तो बहुधा पळणाऱ्या कॅडिस किड्यांच्या मागे आहे. 14 किंवा 16 नंबरची एल्क हेअर कॅडिस ही तरंगती फ्लाय टाकून शेवटी किंचित हलवा. पाठ आणि शेपूट दिसते पण तोंड दिसत नाही, असं असेल तर तो पृष्ठभागाच्या खाली, वर येणारे किडे खातोय. तरंगती फ्लाय तशीच ठेवा आणि तिच्या गळाला फूटभर टिपेट बांधून खाली बिनवजनाची छोटी निम्फ लावा. शंका असेल तर काठचा एखादा गोटा उलटा करून बघा. वाळूच्या कणांची घरटी चिकटलेली असतील तर कॅडिस, चपट्या अंगाचे आणि शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे पळताना दिसले तर मेफ्लाय. त्यांच्या रंगापेक्षा त्यांची लांबी गळाच्या मापाशी जुळवा.

तळाशी सोनेरी-रुपेरी चमक सारखी दिसते आणि चावा मात्र नाही, असंही लोक सांगतात. तीर्थनच्या खालच्या अंगाला हिमालयातला मूळचा स्नो ट्राउट आहे, तिथले लोक त्याला गुगली म्हणतात. तो दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो आणि खरवडताना अंग कलतं तशी चमक दिसते. त्याच्यासाठी निम्फ बदलत बसू नका, पुढच्या खळाळाकडे जा.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर: पाणी कमी, मासे दिसतात, पण पळतात

इथे अडचण तुमच्या दिसण्याची आहे. पाण्याखालून बाहेरचं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोनपट असतो; फूटभर खाली असलेल्या माशाची खिडकी सव्वादोन फुटांची. पण त्या खिडकीच्या कडेला आजूबाजूची क्षितिजापर्यंतची सगळी दृश्यं दाबून बसलेली असतात, आणि जितकं उंच काही असेल तितकं ते स्पष्ट दिसतं. म्हणून खाली वाका, गुडघ्यांवर बसा, प्रवाहाच्या खालून वर सरका, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. मागे झाडी राहील अशी जागा निवडा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारी काठी लांबून दिसते, तेव्हा फेकण्याआधी दोर हवेत पुढे-मागे फिरवणं कमी करा आणि काठी आडवी फिरवा. लीडर, म्हणजे मुख्य दोराच्या पुढचा निमुळता पारदर्शक दोर, 9 फुटांवरून 12 फुटांवर न्या, टिपेट 6 एक्स, फ्लाय 18 नंबरची. पहिली फेक नीट जमली नाही तर दोर लगेच उचलू नका, तो वाहून खाली जाऊ द्या. बिघडलेल्या फेकीपेक्षा दोर उचलतानाच्या आवाजानेच मासे जास्त बिथरतात.

या दिवसांत ब्राऊन ट्राउट विणीच्या तयारीत असतो. मादी डोहाच्या शेपटाशी, म्हणजे खालच्या टोकाला, उथळ पाण्यात शेपटीने खडे उकरून अंडी घालते. शेवाळ झडल्यामुळे ती जागा आजूबाजूपेक्षा उजळ आणि स्वच्छ दिसते. ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी आहे ती याच विणीसाठी. काही मासे त्याआधीच सुरुवात करतात. दिवाळीच्या सुट्टीत हंगामाच्या शेवटच्या दिवसांवर जाणार असाल तर मत्स्य विभागाचा परवाना काढतानाच त्या पट्ट्याचे नियम विचारून घ्या, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करा, आणि नदी ओलांडताना अशा उजळ खड्यांच्या पट्ट्यावर पाय न ठेवता वरच्या मोठ्या धोंड्यांवरून जा. त्या पट्ट्यावर थांबलेली जोडी दिसली तर तिच्याकडे फ्लाय टाकू नका. तिच्या खाली, खोल पाण्याच्या सुरुवातीला, वाहून येणारी अंडी टिपत दुसरे मासे असतात, पण तेही त्या दिवसांत सोडून द्यावेत असं मला वाटतं. डोहाच्या वरच्या टोकाला, विणीच्या जागेपासून दूर, अजून भरपूर पाणी शिल्लक असतं.